कोंबडीचं तोंड कुणाकडे

“मुंडकं तोडशील तर याद राख!” बोंग-ची आत्या चुलीपाशी बसल्या बसल्याच ओरडल्या.

श्यू-चिनने मुकाट्याने सुरी खाली ठेवली. मान-मुंडक्यासकट अख्खी कोंबडी शिजून पिवळीधमक झाली होती आणि तिची मान परातीबाहेर लोंबत होती. हल्ली शेनकांग गावातले बाकीचे कारखानदार वर्षअखेरच्या जेवणाला बिनमुंडक्याचीच कोंबडी मांडत. कारण रीत अशी, की परात ठेवताना मालक कोंबडीचं तोंड ज्याच्याकडे करील, त्याने नव्या वर्षात कामावर यायचं नाही. मग पुढ्यात एवढं चांगलंचुंगलं असूनही कामगारांच्या घशाखाली घास उतरत नसे. कांगांच्या घरी, म्हणजे श्यू-चिनच्या सासरी, मात्र मुंडकं शाबूत असायचं. सासरे दरवर्षी ते स्वतःच्याच छातीकडे फिरवायचे, “मला काढा रे कुणीतरी!” असं ओरडायचे, आणि हशा पिकला की जेवण सुरू व्हायचं.

“यंदा बाबा कुणाकडे फिरवणार हो, आत्या?”

“ते त्याला ठाऊक आणि भूमीदेवाला ठाऊक. तू आलं चीर.”

तेवढ्यात भिंतीपलीकडचा, लोखंडी पट्ट्या ठोकून आकार देणारा नवा प्रेस थांबला. चालू असताना त्याच्या आवाजाकडे कुणाचं लक्ष नसे, पण थांबला की अंगणातल्या कुत्र्यापासून सगळे माना वर करत. पुन्हा सुरू झाला. चार ठोके पडले न पडले, पुन्हा थांबला. पाठोपाठ श्यू-चिनच्या नवऱ्याचा आवाज आला, आणि त्याच्यावर चढलेला नणंदेचा.

“झालं सुरू बहीण-भावाचं,” आत्या म्हणाल्या. “जा बाई, नाहीतर कोंबडी बाजूलाच राहील आणि हीच दोघं एकमेकांना शिजवतील.”

श्यू-चिन हात पुसत कारखान्यात गेली. नवा प्रेस आल्यापासून या घरात दोन पक्ष पडले होते आणि ती दोन्हीकडची होती, म्हणजे दोन्हीकडून बोलणी खाणारी. प्रेसच्या तोंडावर नणंदेने, वान-रूने, प्रकाशाचा पडदा बसवून घेतला होता. दिसायला काहीच नाही, दोन बाजूंना दोन बारीक खांब. पण त्या खांबांमधून बोट जरी आत गेलं, तरी वरचा साचा जागच्या जागी थांबायचा. कायद्याने तो लागतोच. पण लागतो म्हणून बसवणारे आणि मग किल्ली फिरवून बंद करून ठेवणारे गावात काही कमी नव्हते. ती किल्ली कांगांकडे सासऱ्यांच्या गळ्यात, लाल दोरीत असे.

“दादा, तू त्याच्यावर चिडून काय होणार? तो थांबतोय म्हणजे त्याला काहीतरी दिसतंय,” वान-रू प्रेसखाली वाकून म्हणत होती. तिच्या नाकाला ग्रीस लागलं होतं.

“काय दिसतंय? भूत दिसतंय?” चुन-हुंग म्हणाला. “थुई, तुझा हात आत होता का?”

प्रेसवर रोज बसणाऱ्या थुईने दोन्ही पंजे वर केले. व्हिएतनामहून येऊन तिला इथे बरीच वर्षं झाली होती, आणि या घरच्या भांडणात पडायचं नाही हे ती पहिल्याच वर्षी शिकली होती. “माझे हात इथेच आहेत मालक. मोजून घ्या.”

“बघ! हात बाहेर, तरी हा थांबतो. सकाळी गुणी बाळासारखा चालतो आणि दुपार झाली की रुसतो. आज ते लाई येणार आहेत. त्यांच्यासमोर हा असा रुसला, की पायडलच्या पट्ट्यांचं सगळं काम पलीकडच्या ल्याओकडे गेलंच म्हणून समज. त्याच्याकडे पडदा भिंतीवर लटकतोय, कॅलेंडरसारखा!”

“म्हणून आपणही लटकवायचा?”

“म्हणून मी विचारतोय, की आपण काय खायचं? कायदा म्हणतो पडदा लावा. गिऱ्हाईक म्हणतं, लावा, पण भाव ल्याओचा द्या. मधल्या मध्ये माझं भरीत! वहिनीला विचार तुझ्या.”

दोघांनी एकदम श्यू-चिनकडे पाहिलं.

“मला कशाला ओढता? मी आलं चिरतेय,” श्यू-चिन म्हणाली.

पण काळजी तिलाही होतीच. वान-रूने काल रात्रीच तिला सांगून टाकलं होतं, “वहिनी, पडदा बंद झाला तर मी नव्या वर्षात इथे नाही. शिंचू शहरातली ती नोकरी अजून मोकळी आहे.” आणि वान-रू बोलते ते करते. ती गेली की या घरात हसून बोलायला उरणार कोण? शिवाय पडदा बंद झाला की घाईच्या दिवशी थुईच्या जागी बसणार चुन-हुंगच. त्याची घाई श्यू-चिनला चांगली ठाऊक होती. तो चहासुद्धा घाईघाईत तोंड पोळवून घेत प्यायचा.

सासरे कधी येऊन दारात उभे राहिले, कुणाला कळलंच नाही. हुओ-तू कांगांच्या उजव्या हाताला तीनच बोटं होती. उरलेली दोन तरुणपणी प्रेसने खाल्ली. त्यांच्या पिढीत याचं कुणाला नवल नव्हतं. या गल्लीत बोटं दिल्याशिवाय कारागीर होत नाही, असं ते लोक हसून म्हणायचे. दारू पिताना बोटांचा खेळ चाले: दोघांनी एकदम बोटं दाखवायची, बेरीज आधीच ओरडायची, चुकेल त्याने प्यायची. त्यात हुओ-तूंचा उघडा पंजा म्हणजे पाच धरायचा, असा गावाने त्यांच्यासाठी वेगळा नियमच केला होता. त्या नियमाच्या जोरावर म्हातारबांनी आजवर कितीजणांना टेबलाखाली पाडलं होतं.

“बाबा, किल्ली द्या,” चुन-हुंग म्हणाला.

“बाबा, देऊ नका,” वान-रू म्हणाली.

“तुम्ही दोघं लहान असताना एका रताळ्यासाठी असंच करायचात,” हुओ-तू म्हणाले. “लाईंना येऊ दे. त्यांच्यासमोर यंत्र चाललं, तर किल्ली माझ्या गळ्यात. थांबलं, तर चुन-हुंगच्या हातात. आता पुढे तोच चालवणार आहे कारखाना, त्याला ठरवू दे.”

“आणि मी?” वान-रूने विचारलं.

म्हातारबा कपाळावर आठ्या घालून उगाचच मोजपट्टी शोधू लागले.

* * *

लाई म्हणजे ताइचुंग शहरातल्या सायकल कंपनीचा माल बघणारा माणूस. गोलमटोल, घामट आणि स्वभावाने भला. येताना संत्र्यांची पेटी घेऊन आले, आत्यांच्या तब्येतीची चौकशी केली, कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि मग ओशाळल्यासारखे प्रेससमोर उभे राहिले.

“चुन-हुंग, खरं सांगू? आमच्या परदेशी साहेबाला दोन्ही पाहिजे. पडदाही पाहिजे, आणि ल्याओचा भावही पाहिजे.”

“मग साहेबालाच आणून बसवा ना प्रेसवर!”

“अरे, मी काय म्हणतो, यंत्र जरा न थांबता चाललं, तर माझ्या तोंडाला काहीतरी बोलायला जागा राहील. चालव बघू.”

थुई बसली. पट्टी साच्यावर ठेवायची, हात बाहेर काढायचे, दोन्ही तळव्यांनी दोन बटणं एकदम दाबायची. धाड्‍, आणि पट्टीला आकार. वान-रू हाताची घडी घालून उभी होती, पण तिचे ओठ ठोक्यागणिक हलत होते. श्यू-चिनही मनातल्या मनात भूमीदेवाला विनवत होती. जरा वेळ सगळं झकास चाललं. लाईंच्या चेहऱ्यावर हसू उमटलं. आणि खट्ट! साचा अर्ध्यावरच थांबला.

थुईने लगेच पंजे वर केले.

पुन्हा सुरू केलं. पुन्हा खट्ट. वान-रूने भिंगं पुसली, तारा हलवून पाहिल्या, खांबांचे स्क्रू आवळले. सुरू. खट्ट! लाई घड्याळाकडे बघेनात, पण ते बघत नाहीत हेच सगळ्यांना दिसत होतं.

“बाबा,” चुन-हुंग म्हणाला. एवढंच.

हुओ-तूंनी गळ्यातली लाल दोरी काढली. ती काढताना त्यांच्या कानात अडकली, आणि ते स्वतःवरच चिडले. किल्ली मुलाच्या हातात पडली. त्यांनी वान-रूकडे पाहिलंच नाही. वान-रूने अंगावरचा ग्रीसचा ॲप्रन काढला, नीट घडी केली आणि श्यू-चिनच्या हातात दिला.

“वहिनी, हा धुऊन ठेव. माझा नव्हे, कारखान्याचा आहे.”

“अगं, निदान जेवून तरी जा!” श्यू-चिनच्या तोंडून एवढंच निघालं, आणि आपण काय बोललो याचा तिला स्वतःलाच राग आला. ज्या बाईने अडवायला पाहिजे, ती जेवायचा आग्रह करत होती!

चुन-हुंगने किल्ली फिरवली. खांबांवरचा हिरवा दिवा विझला. थुईला उठवून तो स्वतः बसला, कारण मालकाने आज स्वतः करून दाखवायचं होतं. आणि काय चालला म्हणता प्रेस! धाड्‍, धाड्‍, धाड्‍! एकदाही थांबला नाही. चुन-हुंगचे हात आत-बाहेर, आत-बाहेर होत होते, आणि त्याची मान वळली होती लाईंकडे. “बघा! आता ल्याओला सांगा म्हणावं! हा तोच प्रेस, हाच माणूस. वर्षभर आम्ही हातपाय बांधून पळतोय, आणि लोक विचारतात हे मागे का!” श्यू-चिनला त्याचा अभिमानही वाटला आणि ते हात बघवेनातही. ती दुसरीकडे बघायला गेली, म्हणूनच तिला आत्या दिसल्या.

बोंग-ची आत्या बाजूच्या दाराने आत आल्या होत्या. अंगावर सणाचं जांभळं जाकीट, हातात हिरवी पाकिटं. नारळाच्या चवीच्या मक्याच्या कुरकुरीत खाऊची ती हिरवी पाकिटं या बेटावर कुठल्याही यंत्रावर दिसतील. इस्पितळात, बँकेत, सगळीकडे. पाकीट ठेवलं की यंत्र शहाण्यासारखं वागतं. मात्र हिरवंच हवं, तारीख उलटलेली नको, आणि एकदा ठेवलेल्याला उगाच हात लावायचा नाही. नवा प्रेस आला त्या दिवशी आत्यांनीच वरच्या साच्याच्या कडेवर पाकीट चिकटवलं होतं, आणि रोज सकाळी अंगारा लावून झाला की त्या ते सरळ करत. आज वर्षअखेर. आज जुनं काढून नवं ठेवायचं होतं.

“अगं बाई, हे किती लोंबलंय!” असं पुटपुटत आत्यांनी वाकून सरळ हात आत घातला.

“आत्याऽऽ!”

आपण एवढ्या मोठ्याने ओरडू शकतो हे श्यू-चिनला त्या दिवशी कळलं. चुन-हुंगचे तळवे बटणांना टेकलेच होते. ते चटका बसावा तसे वर उडाले. साचा वर होता तिथेच राहिला. त्याच्या खाली आत्यांचा हात, मनगटात हिरव्या दगडाची बांगडी, आणि बोटांत पाकिटाचं टोक.

साचा खाली आला असता, तर तो अडवायला यंत्रात काही उरलंच नव्हतं. जे होतं ते या घरानेच दोन मिनिटांपूर्वी बंद केलं होतं.

“का ओरडतेस गं?” आत्यांनी शांतपणे पाकीट खेचून काढलं आणि हात बाहेर घेतला. “माझं काळीज जागेवर राहिलं नाही! त्याला खाऊ देतेय मी. दिवसभर राबतो बिचारा.”

चुन-हुंग स्टुलावरून उठून प्रेसपासून दोन पावलं मागे सरला. हुओ-तू भिंतीला टेकून होते तिथेच खाली बसले. त्यांनी डाव्या हाताने उजव्या हाताची तीन बोटं घट्ट धरली होती. ज्या दिवशी त्यांची बोटं गेली, त्या दिवशी याच बहिणीने त्यांना सायकलवर डबल सीट बसवून दवाखान्यात नेलं होतं, वाटभर ओरडत, लोकांना बाजूला सारत. ते कुणालाच आठवण करून द्यावं लागलं नाही.

“ताई, हात दाखव,” ते म्हणाले.

“काय झालंय हाताला? आल्याचा वास येतोय.”

“दाखव म्हणतो ना!”

आत्यांनी पंजा उघडला. मग एकाएकी त्यांना उमगलं. त्यांनी साच्याकडे पाहिलं, भाच्याच्या पांढऱ्याफटक चेहऱ्याकडे पाहिलं, आणि त्याही मटकन लाईंच्या संत्र्यांच्या पेटीवर बसल्या.

हे सगळं चालू असताना वान-रू दारातून परत आली होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण नजर आत्यांच्या हातातल्या पाकिटावर खिळली होती.

“आत्या, ते लोंबत होतं म्हणालात?”

“रोजच लोंबतं मेलं. यंत्राच्या हादऱ्याने चिकटपट्टी सुटते. सकाळी सरळ केलं की दुपारपर्यंत खाली.”

“दुपारपर्यंत,” वान-रू म्हणाली. “दादा, किल्ली फिरव.”

चुन-हुंगने किल्ली फिरवली. हिरवा दिवा लागला. वान-रूने त्याच्याकडून बटणं दाबून घेतली. साचा खाली निघाला, आणि तिने बाजूने पाकिटाचं एक चमकतं टोक खांबांच्या मध्ये धरलं.

खट्ट!

काढलं. धाड्‍. धरलं. खट्ट!

“म्हणजे इतके दिवस,” लाई हळूच म्हणाले, “यंत्र शहाण्यासारखं वागावं म्हणून ठेवलेल्या खाऊनेच…”

पहिली हसली ती थुई. तोंडावर हात दाबून, मग हात सोडून. मग लाई, पोट धरून. मग श्यू-चिन, जिला हसू कुठलं आणि रडू कुठलं तेच कळेना. चुन-हुंग हसता हसता खाली वाकला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

“आणि तू गं, इंजिनिअर!” तो शेवटी बहिणीला म्हणाला. “भिंगं पुसलीस, तारा उपसल्यास. हे नाकासमोरचं पाकीट नाही दिसलं?”

वान-रू लाल झाली. “दिसायचं काय, रोज दिसत होतं.”

“मग बाजूला का नाही केलंस?”

“म्हणजे? यंत्रावरच्या पाकिटाला हात कसा लावायचा?”

त्यांच्यातल्या कुणीही हात लावला नसता.

* * *

जेवण अंगणात, मोठ्या गोल टेबलावर. वाफाळत्या पांढऱ्या पावात काळ्या रश्शातलं डुकराचं मांस आणि वरून शेंगदाण्याचं कूट, तळलेल्या शेवया, मुळ्याचं सूप, आणि हुओ-तूंची आवडती ज्वारीची दारू. भूमीदेवाला नैवेद्य दाखवून झाला होता. लाईंना आग्रहाने बसवून घेतलं होतं. कोंबडी मात्र अजून चुलीपाशीच होती, आणि सगळ्यांचं अर्धं लक्ष तिकडे होतं.

“हे बघ,” लाई चुन-हुंगला म्हणाले. “पाकीट नसताना मी बघितला प्रेस. छान चालतो. पण ल्याओपेक्षा मंदच. खोटं कशाला बोलू?”

“मंद का, तर हात आत जायची-यायची वाट बघावी लागते,” चुन-हुंगने पाव बाजूला ठेवला. जेवणाकडे त्याचं लक्षच नव्हतं. त्याने जेवायच्या दोन काड्या वाडग्याच्या कडेला तिरक्या टेकवल्या आणि त्यांच्यावरून एक शेंगदाणा सोडला. तो घरंगळत वाडग्यात पडला. “पट्टी अशी आपोआप घसरत साच्यावर गेली तर? आणि मागून हवेचा झोत, तयार माल बाहेर. हात आत जायलाच नको. मग पडद्याला थांबवायला काही उरणारच नाही.”

“मी कधीपासून हेच सांगतेय!” वान-रू म्हणाली.

“तू सांगत नव्हतीस, तू शिकवत होतीस. फरक असतो.”

“मग मी आता गप्प बसते.”

“बसू नकोस. झोताचं काम तुझंच आहे. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.”

श्यू-चिनने झटकन दोघांच्या वाडग्यांत मांस वाढलं. या घरात समेट असाच होतो, आणि तो वेळेवर खाऊ घालून पक्का करावा लागतो.

“जमेल का?” लाईंनी विचारलं.

“जमेल. पण लगेच नाही जमणार.”

लाईंनी मान हलवली. “नव्या वर्षातल्या कंदिलांच्या सणापर्यंत थांबतो. तोवर अर्धं काम तुम्हाला, अर्धं ल्याओला. यापेक्षा जास्त माझं साहेबापुढे काही चालायचं नाही.”

“अर्धं!” चुन-हुंगला ते लागलं. तो वडिलांकडे वळला. “बाबा, अर्ध्यात कसं भागवायचं? ल्याओ हसेल आपल्याला.”

“हसू दे की,” हुओ-तू म्हणाले. “मला तर दरवर्षी सगळे हसतात, माझं कुठे काय बिघडलं?” आणि ते उठले. “श्यू-चिन, कोंबडी आण.”

श्यू-चिनने परात आणली. म्हातारबांनी ती दोन्ही हातांनी घेतली. आत्या हळूच खुर्ची मागे सारून लाईंच्या रुंद पाठीआड गेल्या.

“ताई, लपतेस कुठे?”

“लपत नाही, इथे वारा येतो,” आत्या म्हणाल्या. मग त्यांनी लाईंच्या खांद्यावरून डोकं बाहेर काढलं. “फिरव माझ्याकडे. माझीच चूक आहे. पाकीट मीच ठेवलं आणि हातही मीच घातला.”

“किल्ली तर मी फिरवली होती,” चुन-हुंग म्हणाला. “माझ्याकडे फिरवा.”

“राजीनामा तर मी दिलाच होता,” वान-रू म्हणाली.

“एवढे सगळे चाललेत, तर प्रेस मी एकटीनेच चालवू?” थुईने विचारलं. “पगार मात्र सगळ्यांचा द्या.”

हुओ-तू परात घेऊन टेबलाभोवती चालू लागले. कोंबडीची मान डुलत होती. ती थुईवरून गेली, वान-रूवरून गेली. चुन-हुंगपाशी जरा रेंगाळली, तेव्हा श्यू-चिनने टेबलाखाली नवऱ्याचा गुडघा धरला. आत्यांवरून गेली. मग म्हातारबांनी परात मधोमध ठेवली, कोंबडीचं तोंड कुणाही माणसाकडे न करता, मोकळ्या जागेकडे. प्रेसवरून परत घेतलेली लाल दोरीतली किल्ली खिशातून काढली आणि बरोबर तिच्या चोचीसमोर ठेवली.

“ही,” ते म्हणाले. “हिला कामावरून काढलं. किल्ली देणारा मी, तेव्हा काढायला मलाच पाहिजे होतं. पण म्हातारपणी जाऊ कुठे? म्हणून हिच्यावर भागवतोय. उद्या सकाळी चुन-हुंगने हिला प्रेसखाली सपाट करायची. पडदा चालू ठेवून.”

चुन-हुंगने मान खाली घातली. “हो बाबा.”

“आणि ताई, तुझं पाकीट यंत्रावरच राहील. पण मागच्या बाजूला.”

“मागे ठेवलं तर त्याला दिसेल का?” आत्यांनी काळजीने विचारलं.

“दिसेल आत्या,” वान-रू म्हणाली. “मी स्वतः चिकटवीन. स्क्रू मारून.”

मग काय, कोंबडी फोडली गेली, बाटली उघडली गेली, लाईंचा टाय सैल झाला, आणि म्हातारबांनी नेहमीप्रमाणे बाह्या सरसावून आव्हान दिलं, कोण येतंय? चुन-हुंग हरला. लाई लागोपाठ हरले आणि कुत्र्याला मिठी मारून बसले. हुओ-तूंचा तीन बोटांचा पंजा पाच म्हणून पडत राहिला आणि कुणी हरकत घेतली नाही.

“आता मी,” बोंग-ची आत्या म्हणाल्या.

“तू? तू कधी खेळतेस?”

“आज खेळते.”

भाऊ-बहीण समोरासमोर बसले. दोघांनी मुठी मागे नेल्या. श्यू-चिन हातातलं ताट तसंच धरून उभी राहिली.

“सात!” हुओ-तू ओरडले.

“दहा!” आत्या ओरडल्या, आणि दोन पंजे एकदम दिव्याखाली उघडले गेले.

म्हातारबांचा हात तीन बोटांचा. आणि आत्यांचा हात, सुरकुतलेला, बांगडी मनगटात, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत सगळा. हुओ-तू बहिणीच्या पंजाकडे बघत राहिले. त्यांनी तीन बोटांनी तिची पाची बोटं एकेक करून चाचपली, करंगळी सगळ्यात जास्त वेळ. त्यांचे डोळे भरून आले आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

“दहा,” ते म्हणाले. “बरोबर दहा. हरलो.”

आणि पेला उचलून त्यांनी एका दमात रिकामा केला. इतक्या आनंदाने हरताना त्यांना आजवर कुणी पाहिलं नव्हतं.